फुलाची वाटणी

१

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. कोल्हापुरात असा माणूस म्हणजे गल्लीचा बिनपगारी पंच. रविवारी सकाळी कोणीतरी कॉफीच्या रिकाम्या बाटलीत विंचू घेऊन दारात उभं राहणार आणि "सर, ह्ये इषारी हाय का बघा की" म्हणणार, हे ठरलेलं. मी बघायचो, पण खात्री झाल्याशिवाय नाव सांगायचो नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी घाईने एका सापाचं नाव सांगून तोंडघशी पडलो होतो, तेव्हापासूनची ही खोड. बायको म्हणायची, "तुमच्याकडे विंचू आणला, तर तुम्ही नाव सांगेपर्यंत तो म्हातारा होऊन मरेल." स्टाफरूममध्येही हा विनोद चालायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानच वाटायचा.

१९९८ च्या पाडव्यानंतर शिवानंद माझ्याकडे आले, ते बाटली न घेता. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. घर लिंगायत, मूळचं सीमेकडचं, त्यामुळे बोलण्यात थोडं कानडी. दोघे भाऊ. दीड वर्षापूर्वी वाटणी झालेली. थोरले शिवानंद शाहूपुरीच्या घरात राहिले, धाकटा अमरेश उचगावला बंगला बांधून गेला. वाटणी अगदी चोख, सहा खुर्च्यांतल्या तीन इकडे, तीन तिकडे. आणि घरात समुद्राच्या पाण्याची एक टाकी होती. तिच्यात मुंबईहून आणलेलं एक प्रवाळ होतं, तेही वाटलं.

"वाटलं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे कापलं की. उद्यमनगरातला फिटर बोलावला. बादलीत ठेवून ॲक्सॉ ब्लेडनं मधोमध. दोन्ही अर्धी जगली, सर. आता अमऱ्या म्हणतोय, त्याच्याकडं दिलेलं अर्धं आमचं न्हवंच. म्या बदललं म्हणं. चोर म्हणाला मला, पावण्यारावळ्यांत."

त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं की दोन्ही अर्धी बघून, एकाच प्राण्याची आहेत की नाहीत, ते मी सांगावं. दोघा भावांनी माझं नाव कबूल केलं होतं. मला गंमत वाटली. शेताच्या बांधावरून भांडणारे भाऊ पाहिले होते, प्रवाळाच्या बांधावरून भांडणारे पहिलेच.

२

घरात त्याला सगळे 'फूल' म्हणत. दिसायचंही तसंच. खाली दगडासारखा वळणावळणाचा सांगाडा, आणि त्यातून दिवसा बाहेर येणाऱ्या शेकडो मऊ, हिरवट सोंडा. हात लावला की त्या आक्रसून आत जातात आणि थोड्या वेळाने पुन्हा फुलतात.

या प्रकारच्या प्रवाळात दोन जाती अशा आहेत, की भल्याभल्यांची फसगत व्हावी. एकीला विकणारे हॅमर म्हणतात, कारण सोंडेचं टोक हातोडीसारखं आडवं असतं. दुसरी फ्रॉगस्पॉन, म्हणजे बेडकाची अंडी. हिची टोकं फुटलेली, गाठीगाठींची. सांगाडे मात्र दोघींचे इतके सारखे, की मेल्यावर हातात दगड दिला तर ही कोण आणि ती कोण, हे कोणीच सांगू शकत नाही. ओळख जिवंतपणीच पटवायची, आणि तीही टोकांवरून.

शाहूपुरीच्या फुलाची टोकं आडवी होती. उचगावच्या फुलाची फुटलेली.

उघड दिसत होतं, की जाती वेगळ्या. पण मी तसं म्हणालो नाही. उजेड आणि पाण्याचा ओघ बदलला, तर टोकांचा आकार थोडाफार बदलतो. शिवानंदांच्या टाकीवर मुंबईचा झगझगीत दिवा होता, अमरेशच्या टाकीवर साध्या ट्यूबलाइट. दोन्हीकडची कापलेली कड मांसाने झाकून गेली होती, त्यामुळे जोडून बघायची सोय उरली नव्हती. फूल अख्खं असतानाचा फोटो मागितला, तर अमरेशच्या लग्नाचा अल्बम निघाला. त्यात वधूवरांच्या मागे टाकी होती, पण काचेवर फ्लॅश पडून नुसती पांढरी.

मी सांगितलं, "दोन्हीकडे एकसारखे दिवे लावा. रत्नागिरीहून माशांच्या टेम्पोतून पाणी येतं, ते एकाच खेपेचं दोघांनी घ्या. नव्या सोंडा फुटू देत. दोन महिन्यांनी सांगतो."

दोघांनी माना डोलावल्या. दोन महिने कोणाला परवडणार नाहीत, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. आठवड्याभरात कळलं.

३

त्यांची आई शांतव्वा, घरात सगळ्यांची 'अव्वा', थोरल्याकडे राहत होती. सत्तरी उलटलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, पाय सुजलेले. डॉक्टरांनी हृदयाचं सांगून हात टेकले होते. मी टाकीपुढे वही घेऊन बसलो की ती शेजारी स्टुलावर येऊन बसायची.

"सर, माझा मगा उचगावात हाय," ती एकदा म्हणाली. कानडीत मगा म्हणजे मुलगा. "चवदा म्हैनं झालं, बघितला न्हाय मी त्याला. फुलाचा निकाल लागल्याबिगर ह्या घरात पाय ठेवणार न्हाय म्हणून लिंगाची आण घेतलीया त्यानं. आन् मी म्हटलं, ज्यानं थोरल्याला चोर म्हटलं त्याचा उंबरा मी चढणार न्हाय. दोघंबी एकाच खडकाचं."

"फोन तरी करा."

"फोनवर त्वांड दिसतंय व्हय?" मग आवाज बारीक करून, "एकच हाय म्हणून सांगा की, सर. कुणाचं काय जातंय? उद्या सकाळी येतोय बघा त्यो."

मी म्हणालो, "आजी, मला खात्री होऊ दे. जूनपर्यंत थांबा."

ती उठली, आत गेली आणि माझ्यासाठी ताक घेऊन आली.

४

उचगावला मी सकाळी कॉलेजच्या आधी जायचो. अमरेश चाळिशीचा, अंगाने आडवा, आवाज मोठा. त्याची बायको प्रेरणा शांत होती. टाकी हॉलमध्ये, शोकेसला लागून, शोकेसवर टेलिफोन. पंपाचे बुडबुडे सोडले तर खोलीत आवाज नसायचा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी सोंडांची टोकं मोजत बसलो होतो. फूल पूर्ण उमललेलं. अचानक त्याचा मधला भाग मिटला. सगळं फूल नाही, फक्त मधला भाग. सोंडा आत गेल्या आणि हिरव्या गालिच्यात एक खोलगट आकार उरला. चार लांब पट्टे, आणि बाजूला एक आखूड.

मी घड्याळ बघितलं. सात वाजून दहा मिनिटं.

"ते व्हय? रोज मिटतंय ह्या टायमाला," अमरेश बूट घालता घालता म्हणाला. "थोड्या येळानं उमलतंय परत. म्हणून तर म्हणतोय, आमचं न्हवं ते. आमचं असं करत न्हवतं."

टाकीजवळ कोणी नव्हतं. आत मासा नव्हता. मी झाकण उचलून पाहिलं, वर दिवा पाहिला, पंपाची नळी कुठे वळली आहे का पाहिलं. काही सापडलं नाही. वहीत लिहिलं, 'मध्यभागी अंशतः आकुंचन, कारण अज्ञात.' शास्त्रात हे वाक्य फार उपयोगी पडतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शाहूपुरीला गेलो. सात वाजता शांतव्वा देवघरात होती. तिची लिंगपूजा आटोपली. ओल्या केसांनी ती हॉलमध्ये आली, उजव्या हाताची बाही वर सारली आणि टाकीच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. तळहात फुलावर अलगद ठेवला. सोंडा मिटल्या.

"रोज घालता?"

"रोज. कसं मऊ लागतंय बघा, पोराच्या टाळूगत. अमरेश तान्हा असताना त्याची टाळू अशीच उडायची."

तिने हात काढला. फुलावर चार लांब पट्टे उमटले होते आणि बाजूला एक आखूड. मी घड्याळ बघितलं नाही, बघायची इच्छाच झाली नाही.

५

माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी एकच सुचतं, आणि ते म्हणजे प्रयोग.

मे महिन्यात सुट्टी लागली. अमरेश सौद्याला गेलेला असताना मी प्रेरणाला सांगितलं, की टाकीपुढे बसा, मी शाहूपुरीहून फोन करतो, लाइन चालू ठेवा, फूल मिटलं की मला सांगा. का, ते सांगितलं नाही. तिकडे शांतव्वाला म्हणालो, मी मान हलवली की हात घाला.

पावणेअकराला मी मान हलवली. तिच्या हाताखालच्या सोंडा मिटताहेत न मिटताहेत, तोच कानात प्रेरणा म्हणाली, "सर, मिटलं."

मध्ये अर्धा तास जाऊ दिला. त्या वेळात तिकडे काहीच झालं नाही. मग पुन्हा मान हलवली.

"सर, मिटलं." या वेळी प्रेरणाचा आवाज जरा वेगळा होता. "सर, तिकडं कोण हाय? अव्वा हायत व्हय?"

मी फोन ठेवला. वहीत वेळा लिहिल्या. दोन शहरं नव्हेत की दोन देश नव्हेत, पण मध्ये चांगले सहा-सात किलोमीटर आहेत, रेल्वे फाटक आहे, हायवे आहे. एका टाकीतलं फूल दाबलं की दुसऱ्या टाकीतलं मिटतं, याचा शास्त्राच्या भाषेत अर्थ काय लावायचा? कापलेले दोन तुकडे अजून एकच आहेत, असा? तसं असेल तर निकाल लागलाच होता. पण मला तो कागदावर लिहिता येईना. दोन वेळा जुळलं म्हणजे पुरावा नव्हे. टोकं अजून वेगळी दिसत होती. पुन्हा फोन करून मी प्रेरणाला बजावलं, की एवढ्यात कोणाला बोलू नका.

"झालं का वळखून?" शांतव्वाने विचारलं. हात अजून ओलाच होता.

"अजून नाही, आजी."

माझ्याजवळ सांगण्यासारखं जे काही होतं, ते सगळं त्या क्षणी माझ्याजवळ होतं. तरी मी नाही म्हणालो.

६

शांतव्वा जूनच्या चार तारखेला गेली, दुपारी जेवण करून पडली असताना. मी दिलेली मुदत दोन दिवसांनी संपत होती.

लिंगायतांत पुरतात, तेही बसवून. मी गेलो होतो. खड्ड्यात तिला मांडी घालून बसवलं, हातात लिंग, अंगावर विभूती, वरून बेलाची पानं. स्वामी मंत्र म्हणत होते. अमरेश आला. आण घराची होती, स्मशानाची नव्हती. पंधरा-सोळा महिन्यांनी त्याने आईचं तोंड बघितलं ते असं, वरून खाली वाकून. तो मोठ्या आवाजाचा माणूस, पण रडला नाही. पानं टाकली, बाजूला झाला आणि गर्दीतून माझ्याकडे बघत राहिला. शरमेने मला वर बघवेना. मी चपला शोधत असल्यासारखा खाली बघत राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याचा फोन आला. "सर, जरा येऊन जावा."

निघण्याआधी मी शिवानंदांना फोन करून फुलाची चौकशी केली, का कोणास ठाऊक.

"गळालं, सर," ते म्हणाले. "अव्वा गेली त्याच दिवशी सांजच्याला. समदं मांस सुटून पाण्यात. नुसता दगुड ऱ्हायलाय."

७

अमरेश टाकीपुढे खुर्ची टाकून बसला होता. प्रेरणा दारात उभी. तिने त्याला प्रयोगाचं सांगितलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सात वाजले. बुडबुडे वाजत होते. मी मनाशी म्हणत होतो, आज काही होणार नाही. हात घालायला तिकडे कोणी नाही, हात घालण्यासारखं तिकडे फूल नाही. त्यामुळे आज काही न होणं हेच सयुक्तिक.

सात वाजून दहा मिनिटांनी मधल्या सोंडा मिटल्या. चार लांब पट्टे, एक आखूड.

अमरेशने बाही वर केली. मी "थांबा" म्हणालो असेन, नक्की आठवत नाही. त्याने हात पाण्यात घातला आणि त्या खुणेवर तळहात टेकवला. बोटांना बोटं बरोबर बसली.

"गार न्हाय, सर," तो हळू आवाजात म्हणाला. त्याचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पाणी गार हाय. ही न्हाय."

थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग त्याचा खांदा ताठ झाला.

"सोडत न्हाय, सर."

मी काचेजवळ गेलो. त्याचा तळहात फुलावर होता. पण मी बघत होतो ते हाताच्या वरच्या बाजूकडे, जिथे पाण्याशिवाय काही नव्हतं. तिथे कातडी खाली दबली होती. रक्त बाजूला सरून पांढरे पडलेले चार लांब पट्टे, आणि मनगटाकडे एक आखूड. वरून कोणीतरी हातावर हात ठेवावा, तसे.

"सर, सांगा की," दारातून प्रेरणा म्हणाली. "त्यास्नी न्हवं. तिला सांगा."

मी, तीस वर्षं मुलांना शास्त्र शिकवलेला माणूस, टाकीवर वाकलो आणि पाण्याला म्हणालो, "एकच आहे. दोन्ही फुलं एकच आहेत. शिवानंदांनी काही बदललेलं नाही."

पट्टे एकेक करून उठले. आधी करंगळीचा, मग पुढचे, सगळ्यांत शेवटी अंगठ्याचा. अमरेशने हात बाहेर काढला आणि तो दुसऱ्या हातात धरून खाली बसला. हसत होता. त्याच दिवशी तो शाहूपुरीला गेला आणि थोरल्या भावाच्या पाया पडला, असं नंतर कळलं. सगळ्यांना आनंद झाला. मला व्हायला हवा होता.

पण त्याने हात बाहेर काढला, तेव्हा मी सवयीने जवळून बघितलं होतं. पांढरे पट्टे अजून विरायचे होते. त्यांची टोकं माणसाच्या बोटासारखी निमुळती नव्हती. आडवी होती, दोन्ही बाजूंना पसरलेली, हातोडीसारखी. उचगावच्या फुलाची टोकं तशी नव्हतीच. ती मी दोन महिने मोजली होती.

एवढं मला त्या क्षणी दिसलं. त्यावरून ते फूल कोणाचं होतं आणि हात कोणाचा होता, हे मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो, की त्या सापानंतर आयुष्यात एकदाच खात्री नसताना मी नाव सांगितलं, आणि ज्याला सांगितलं त्याने ते मुकाट्याने घेतलं.

८

आठ-दहा दिवसांनी सकाळी फोन वाजला. मी दाढी करत होतो. पलीकडे प्रेरणा होती.

"सर, ह्ये आज मुक्कामाला थोरल्यांकडं हायत. म्हणून इचारायला फोन केला." मागे पंपाचे बुडबुडे ऐकू येत होते. "रोज ह्येच हात घालत्यात. आज टाकीपुढं कुणी न्हाय, तर ती खूण मिटायलीया, उमलायलीया, परत मिटायलीया. वाट बघितल्यागत. मला बघवंना झालंय."

"मग बघू नका. दुसऱ्या खोलीत जा."

"न्हाय, पण अव्वाच हाय न्हवं ती? तुमीच एकच म्हणालासा. तुमी खात्री असल्याबिगर बोलत न्हाईसा, ह्ये समद्या गावाला म्हाईत हाय. मग घालू का मी हात?"

आरशात माझा अर्धा चेहरा फेसाने माखलेला होता. या खेपेला मी मुदत मागितली नाही.

"घालू नका," मी म्हणालो. "प्रेरणाबाई, ऐकताय ना? अजिबात घालू नका."

बुडबुडे वाजत होते, आणि फोनच्या अगदी जवळ पाणी हलल्याचा आवाज आला.

"घातलाय की, सर," ती म्हणाली.